कशावरून?

माझी पुतणी इयत्ता सातवीत शिकते. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन ती घरी आली, तेव्हा तिच्या हातात एक गुळगुळीत, रंगीत पत्रक होते. शाळेच्या फाटकाशी उभे राहून कोणी तरी ते सर्व मुलांना वाटले होते. पत्रकावर मेंदूचे मोठे चित्र होते. चित्राचा बहुतेक भाग काळा रंगवलेला होता आणि एका कोपऱ्यात तेवढा पिवळा प्रकाश दाखवला होता. खाली ठळक अक्षरांत मजकूर होता : 'माणूस आपल्या मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो. उरलेला नव्वद टक्के मेंदू निद्रिस्त असतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. आमच्या वर्गात या. मुलाचा मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, विशिष्ट संगीताच्या साहाय्याने जागृत करून घ्या. दोन दिवसांत मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागेल!'

तिच्या धाकट्या भावाला या वर्गात घालावे, असा विचार घरात सुरू झाला. मुलगा चौथीत होता आणि अभ्यासात जरा मागे होता. वर्गाची फी भरपूर होती, पण माझा भाऊ म्हणाला, "पोराचं कल्याण होत असेल, तर पैशाकडे काय पाहायचं?" यावर घरात कोणाला काही बोलता येईना.

रात्री जेवणे झाल्यावर पुतणी पत्रक घेऊन माझ्या खोलीत आली.

"काका, हे खरं असेल का?"

"कशावरून खरं, ते लिहिलं आहे का त्यात?" मी विचारले.

तिने पत्रक उलटसुलट करून पाहिले. "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे, एवढंच लिहिलंय."

"कोणत्या शास्त्रज्ञांनी? केव्हा? आणि कसं?"

"त्यातलं काहीच नाही."

"मग आपणच शोधू या," मी म्हणालो. पुढचे काही दिवस आम्हां दोघांना हाच एक उद्योग झाला.

प्रथम आम्ही या वाक्याचे मूळ शोधू लागलो. त्याच्या प्रवासातील दोन मुक्काम नक्की सांगता येतात. विल्यम जेम्स हे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील नामांकित मानसशास्त्रज्ञ होते. माणसाच्या ठायी जी मानसिक व शारीरिक शक्ती असते, तिचा थोडाच भाग तो उपयोगात आणतो, अशा अर्थाचा विचार त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात मांडला होता. त्यात दहा टक्क्यांचा आकडा नव्हता. मेंदूचा अमुक भाग जागा आणि तमुक भाग झोपलेला, असेही काही नव्हते. पुढे १९३६ साली डेल कार्नेगी यांचे लोकांची मने जिंकण्याविषयीचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत लॉवेल टॉमस या पत्रकाराने जेम्स यांचा हवाला देऊन लिहिले की, सामान्य माणूस आपल्या सुप्त बौद्धिक सामर्थ्यापैकी दहाच टक्के विकसित करतो. म्हणजे 'थोडा' या शब्दाचे 'दहा टक्के' झाले. नंतर कानोकानी होता होता 'सामर्थ्य' हा शब्दही गळून पडला आणि त्याच्या जागी 'मेंदू' येऊन बसला.

वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटेल. पण तो तसा नाही. आपल्या शाळेतील प्रत्येक मूल आज जेवढे शिकते त्याहून पुष्कळ अधिक शिकू शकेल, हे म्हणणे कोणीही मान्य करील. म्हणून शाळेच्या दहा खोल्यांपैकी नऊ खोल्यांना कुलूप घातलेले आहे, असे काही ठरत नाही.

पुतणीने येथे एक शंका काढली आणि ती मला फार आवडली. ती म्हणाली, "पण काका, सांगणाऱ्यानं चुकीचं सांगितलं म्हणून गोष्ट खोटीच असेल असं कुठं आहे? चुकून खरंही निघेल."

तिचे म्हणणे बरोबर होते. वाक्य कोणाच्या तोंडून आले, एवढ्यावरून त्याचा निवाडा होत नाही. तेव्हा आम्ही दुसरी वाट धरली. घटकाभर हे वाक्य खरे मानावयाचे आणि ते खरे असेल तर जगात काय काय दिसले पाहिजे, याचा विचार करावयाचा.

मेंदूचा नव्वद टक्के भाग जर नुसता पडून असेल, तर मेंदूला होणाऱ्या दहा इजांपैकी नऊ इजांनी माणसाचे काहीच बिघडू नये. प्रत्यक्षात काय दिसते? मेंदूला रक्त पुरवणारी एखादी बारीक वाहिनी तुंबली, तरी कोणाचा हात लुळा पडतो, कोणाची वाचा जाते. आमच्या गल्लीतील एक आजोबा पक्षाघातानंतर सर्व काही समजत असूनही बोलू शकत नसत. पुतणीने त्यांना पाहिले होते. असाच एक रोगी पॅरिसजवळील एका रुग्णालयात होता. काहीही विचारले तरी त्याच्या मुखातून 'तां' एवढाच उच्चार निघे. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्याला कळत असे. १८६१ मध्ये तो मरण पावल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूचा पुढचा एक भाग नष्ट झालेला त्यांना आढळला. बोलण्याचे काम मेंदूच्या कोणत्या भागावर अवलंबून असते, हे अशा रीतीने कळू लागले. तेव्हापासून आजवर डॉक्टरांनी असंख्य रोग्यांचे मेंदू तपासले आहेत. परंतु जेथे कसलीही इजा झाली तरी चालेल, असा नव्वद टक्क्यांचा पडीक मुलूख कोणालाही सापडलेला नाही.

दुसरा पुरावा खर्चाचा. मोठ्या माणसाचा मेंदू सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅम वजनाचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यापैकी सुमारे वीस टक्के एकटा मेंदू घेतो. पन्नास पाने मांडलेल्या पंगतीत एकाच पाहुण्याने दहा पाने फस्त करावीत, तसा हा प्रकार आहे. एवढा खर्चिक पाहुणा शरीर जन्मभर पोसते, ते काय नऊ हिस्से झोपा काढण्यासाठी? शिवाय आता जिवंत माणसाच्या मेंदूतील हालचाल यंत्राने पाहता येते. माणूस झोपलेला असतानाही त्याच्या मेंदूत काम चालू असलेले दिसते.

"मग सगळा मेंदू एकाच वेळी काम करतो का?" तिने विचारले.

नाही, आणि तसे झाले तर ते इष्टही नाही. हार्मोनियमच्या सर्व पट्ट्या वादकाच्या उपयोगाच्या असतात. पण त्या सर्व एकदम दाबल्या तर गाणे होत नाही, नुसता गोंगाट होतो. मेंदूतील पुष्कळ चेतापेशी एकाच वेळी बेतालपणे चेतल्या म्हणजे अपस्माराचा झटका येतो.

दहा टक्क्यांची गोष्ट अशी निकालात निघाली. राहिला मध्यमेंदू. मध्यमेंदू नावाचा भाग आपल्या मेंदूत खरोखरच असतो. पाठीच्या कण्यातून वर येणारा मज्जारज्जू जेथे मेंदूला मिळतो, तेथे देठासारखा एक भाग आहे. त्या देठाच्या वरच्या टोकाला तो असतो. लांबीला जेमतेम दोन सेंटिमीटर. पण डोळ्यांच्या हालचाली, आवाजाच्या दिशेने चटकन होणारे लक्ष, माणसाचे जागेपण अशा कितीतरी कामांत त्याचा वाटा असतो. हा भाग जागा आहे की निजलेला, हे पाहण्यास वर्ग नको आणि फीही नको. मी पुतणीला म्हणालो, "तुझ्या भावाला डोळे मिटून, वर हात झाकून वीस अंक मोजायला सांग. मग खिडकीकडे तोंड करून डोळे उघडू दे, आणि त्याच्या बुबुळामधल्या काळ्या बाहुलीकडे नीट पाहा."

तिने तसे केले. डोळे उघडताच बाहुली आकसून लहान झाली. प्रकाशाची वर्दी मिळताच बाहुली लहान करण्याचा हुकूम मध्यमेंदूतूनच सुटतो. पुतणी आनंदाने ओरडली, "काका, याचा मध्यमेंदू जागाच आहे!" पुतण्याला या बातमीचे फारसे काही वाटले नाही.

तरीही माझ्या भावाच्या गळी हे उतरेना. तो म्हणाला, "तुमचं पुस्तकी ज्ञान राहू द्या. ती मुलं पट्टी बांधून वाचतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे." त्याचे म्हणणेही टाकण्यासारखे नव्हते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा काही तरी उलगडा झालाच पाहिजे. म्हणून रविवारी आम्ही सगळेच त्या वर्गाचे प्रात्यक्षिक पाहावयास गेलो.

सभागृह भरलेले होते. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा व्यासपीठावर आला. त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधण्यात आली. त्याने पत्ते हातात घेऊन त्यांचे रंग ओळखले. मग वर्तमानपत्रातील मथळे घडाघडा वाचून दाखवले. टाळ्यांचा कडकडाट झाला. खरे सांगावयाचे तर मीही चकित झालो आणि टाळ्या वाजवल्या. पुतणी मात्र गप्प होती. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "काका, तो वाचताना हनुवटी वर का करत होता?"

घरी आल्याबरोबर तिने माझे उपरणे घेतले, त्याची घट्ट घडी केली आणि भावाकडून ती आपल्या डोळ्यांवर बांधून घेतली. समोरचे तिला काहीच दिसेना. मग तिने हनुवटी किंचित वर केली, वर्तमानपत्र छातीशी धरले आणि ती वाचू लागली. नाक उंच आणि गाल सखल. त्यामुळे नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी गालाला टेकत नाही. तेथे राहणाऱ्या बारीक फटीतून खालचे स्वच्छ दिसते. तुम्हीही हे करून पाहा.

माझा भाऊ हे पाहत उभा होता. तो जरा वेळाने म्हणाला, "तू फटीतून पाहिलंस म्हणून त्या मुलानंही तसंच पाहिलं, हे कशावरून?"

आता 'कशावरून' हा प्रश्न उलट आमच्यावर आला होता, आणि तो रास्तच होता. आम्ही दोघांनी बसून विचार केला. डोळ्यांखेरीज अन्य शक्तीने वाचता येत असेल, तर पुस्तक कोठे धरले आहे याने काही अडू नये. ते कपाळासमोर धरा, पाठीमागे धरा किंवा हनुवटीखाली पुठ्ठा आडवा लावा. मुलाने वाचलेच पाहिजे. फटीतून दिसत असेल, तर मात्र नेमक्या याच तीन ठिकाणी वाचन थांबेल. प्रात्यक्षिकात जे दाखवले ते दोन्ही कल्पनांशी सारखेच जुळत होते. म्हणून ती परीक्षा म्हणता येत नव्हती. खोटेपणा उघडा पडण्यास जिच्यात जागा असते, तीच परीक्षा.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ त्या वर्गाच्या चालकांना भेटला. पुस्तक कपाळासमोर धरून एकदा दाखवा, अशी त्याने विनंती केली. शंका घेणारी माणसे जवळ असली की मुलांची एकाग्रता मोडते, असे उत्तर त्याला मिळाले. तो घरी आला आणि पत्रक त्याने रद्दीत टाकले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात आणि बाहेरही अशा वर्गांना उघड आव्हाने दिलेली आहेत. त्यांची मागणीही हीच असते : डोळे पुरते झाका, वस्तू दुसरीकडे धरा आणि मग वाचून दाखवा.

त्या रात्री पुतणीने मला विचारले, "काका, त्या मुलाला माहीत होतं ना?"

या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. पहिल्या दिवशी त्याला तो खेळ वाटला असेल. फटीतून दिसते हे त्याने कदाचित सांगितलेही असेल, आणि 'तीच तुझी नवी शक्ती' असे त्याला कोणी समजावले असेल. मग आईवडिलांचे आनंदलेले चेहरे त्याने पाहिले असतील. त्यानंतर खरे सांगणे दिवसेंदिवस अवघड होत गेले असेल. पहिल्या रांगेत बसून त्याच्या आईने डोळे पुसले होते, ते आम्ही दोघांनीही पाहिले होते. आणि टाळ्या वाजवणारांत मीही होतो.

पत्रकातील 'विशिष्ट संगीता'ची कथा निराळी आहे. तिच्या मुळाशी खरा प्रयोग आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील संशोधकांनी महाविद्यालयातील ३६ विद्यार्थ्यांना मोझार्ट या संगीतकाराची एक रचना दहा मिनिटे ऐकवली. नंतर घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा तऱ्हेचे प्रश्न घातले. नुसते शांत बसल्यानंतर सुटले त्यापेक्षा संगीत ऐकल्यानंतर त्यांना ते किंचित बरे सुटले. पण हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. तान्ह्या बालकांचा या प्रयोगाशी काहीही संबंध नव्हता. तरीही 'मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल' अशी हाकाटी झाली, आणि १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला असे संगीत मोफत देण्यासाठी सरकारी पैसा मागितला! पुढील प्रयोगांत असे दिसले की, आवडीची गोष्ट ऐकूनही तेवढाच लाभ होतो. मन प्रसन्न झाले की माणूस काही वेळ तरतरीत होतो, एवढेच त्यातून निघाले.

एव्हाना पुतणीला या शोधाचा चांगलाच नाद लागला होता. घरातील एकही विधान तिच्या तावडीतून सुटेना. बदाम खाल्ल्याने बुद्धी वाढते, हे आजीचे म्हणणेही तिने तपासणीसाठी वहीत टिपून ठेवले. बदाम मात्र ती खात राहिली. ते तिला आवडतात.

एके दिवशी तिने विचारले, "ज्याचा मेंदू मोठा, तो अधिक हुशार, हे तरी खरं ना?" मी तिला हत्तीची आठवण दिली. आफ्रिकेतील हत्तीचा मेंदू साडेचार किलोग्रॅमहून अधिक, म्हणजे आपल्या तिप्पट भरतो. पण गणित आपण करतो. असे का, हे वजनकाट्यावरून कळण्यासारखे नव्हते. आत चेतापेशी किती आहेत आणि कोठे आहेत, ते मोजावयास हवे होते. माणसाच्या मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी असतात, असे मोठमोठ्या ग्रंथांतही छापलेले असे. ब्राझीलमधील शास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हौझेल यांनी हा आकडा मुळात कोणी मोजला, याचा शोध घेतला. मोजणारा कोणी सापडेना! विद्वानही तो एकमेकांच्या पुस्तकांतून घेत आले होते.

तेव्हा त्यांनी स्वतःच मोजण्याचे ठरवले. त्यांची युक्ती गमतीची आहे. पातेल्यातील आमटीत मोहरीचे दाणे किती, हे कसे मोजाल? आमटी चांगली ढवळावयाची, एक पळी काढून तीतले दाणे मोजावयाचे आणि पातेल्यात एकूण किती पळ्या आमटी आहे त्याने गुणावयाचे. त्यांनी मेंदूचे तुकडे एका द्रवात विरघळवले. पेशी विरघळल्या, पण प्रत्येक पेशीच्या पोटातील केंद्रक शाबूत राहिले. त्यांना रंग देऊन त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. २००९ मध्ये माणसाचा आकडा प्रसिद्ध झाला : सुमारे ८६ अब्ज. २०१४ मध्ये हत्तीचाही झाला : सुमारे २५७ अब्ज. हत्तीच्या चेतापेशी आपल्या तिप्पट खऱ्या. परंतु त्यांपैकी सुमारे ९८ टक्के शरीराच्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या मागील लहान मेंदूत असतात. विचाराच्या कामात ज्याचा मोठा वाटा असतो, त्या मोठ्या मेंदूच्या बाहेरील थरात हत्तीच्या पेशी सुमारे ५.६ अब्ज, तर आपल्या सुमारे १६ अब्ज आहेत.

मी हे मोठ्या उत्साहाने सांगत होतो. पुतणी वहीत आकडे उतरवून घेत होती. मध्येच ती थांबली.

"काका, माणसाचे किती मेंदू मोजले त्यांनी?"

मी पुन्हा पाहून सांगितले, "चार. पन्नास ते एकाहत्तर वर्षे वयाच्या चार पुरुषांचे."

"चारच?" ती म्हणाली, आणि ८६ या आकड्यापुढे तिने पेन्सिलीने एक लहानसे प्रश्नचिन्ह काढले.

अभ्यास

१. विल्यम जेम्स यांचा विचार आणि पत्रकातील वाक्य यांत कोणकोणता फरक पडला होता?
२. सभागृहातील प्रात्यक्षिक ही खरी परीक्षा नव्हती, असे लेखक का म्हणतो? खरी परीक्षा कशी घेता आली असती?
३. 'काका, त्या मुलाला माहीत होतं ना?' या प्रश्नाचे तुमच्या मते काय उत्तर असावे? आठ-दहा ओळी लिहा.
४. पुतणीने शेवटी प्रश्नचिन्ह का काढले?
५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : कानोकानी होणे, गळी उतरणे, निकालात निघणे, नाद लागणे.
६. तुमच्या घरी नेहमी ऐकू येणारे एखादे विधान घ्या. ते खरे असेल तर काय दिसले पाहिजे आणि खोटे असेल तर काय दिसले पाहिजे, ते वहीत लिहा.